जोतिबाच्या डोंगरावर नांदणारे तीन अधिकार

कोल्हापूरपासून सुमारे 18 किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यात, वाडी रत्नागिरी हे जोतिबा देवाचं डोंगरावरचं ठाणं आहे. चैत्र पौर्णिमेला ‘चांगभलं’च्या गजरात लाखो भाविक हा डोंगर चढतात. एक गडी सासनकाठी, म्हणजे देवाच्या मानाची उंच काठी, पेलतो, बाकीचे चहूबाजूंनी दोर ताणून तिचा तोल सांभाळतात. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीच्या काठीचा, दुसरा विह्याचा. हा क्रम कोणत्याही विधिमंडळाने ठरवलेला नाही, तरी गावोगावचे मानकरी तो पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. हा पहिला अधिकार, रूढीचा. पालकमंत्रीसुद्धा येतात ते पहिल्या मानाच्या काठीच्या पूजनाला.

दुसरा अधिकार संविधानाचा. रूढीचं हे बळ संविधानकर्त्यांनी ओळखलं होतं. अनुच्छेद 13 मधल्या ‘कायदा’ या शब्दात कायद्याइतकी बंधनकारक असलेली रूढीही येते. मात्र मूलभूत हक्कांच्या आड येणारी रूढी तिथेच निरर्थक ठरते. अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता संपवली आणि मंदिर प्रवेशाचा हक्क 1956 मध्ये राज्याच्या कायद्याने पक्का केला.

तिसरा अधिकार राज्यसत्तेचा. आजचं देऊळ 1730 मध्ये राणोजी शिंदे यांनी बांधलं. कोल्हापूर संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. पुढे 1969 मध्ये शासनाने पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती नेमली. कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतली 3,000 हून अधिक देवस्थानं तिच्याकडे आहेत. जोतिबाची पूजाअर्चा गुरव करतात, व्यवस्थापन समिती पाहते.

मग शासनाचा हात कुठवर पोचावा? मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 ला आव्हान मिळालं, तेव्हा रतिलाल गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये मर्यादा आखून दिली. धार्मिक संप्रदायाच्या मालमत्तेच्या कारभारावर कायद्याने नियंत्रण ठेवता येतं, पण तो कारभार त्याच्या हातून पुरता काढून घेता येत नाही.

या तिन्ही अधिकारांची खरी कसोटी 2020 मध्ये लागली. कोरोनामुळे चैत्र यात्रा रद्द झाली, 2021 मध्येही भरली नाही. मोजक्या पुजाऱ्यांनी धार्मिक विधी केले. लाखोंच्या श्रद्धेला नुसत्या पोलीस बंदोबस्ताने घरी बसवता येत नाही. बंदी आपल्याच जिवासाठी आहे हे पटल्यामुळे गावांनी काठ्या घरीच पुजल्या. हुकूम सरकार काढतं, त्याला कायद्याचा आधार लागतो, पण तो अमलात येतो लोकांच्या संमतीने. म्हणून ही संमती जपणं हे कुठल्याही सरकारचं पहिलं कर्तव्य आहे.