मशीन अंगठा का घेत नाही?

पीक विम्याची मुदत जवळ आली की अमरावती-अकोल्याकडच्या सेवा केंद्रांवर रांगा लागतात. त्याच गर्दीत ‘पीएम किसान’च्या ई-केवायसीला आलेले शेतकरीही असतात. अशा वेळी मशीन अंगठा घेईना, की दोष झिजलेल्या बोटांवर जातो. पुष्कळदा तो तिथे असतोही. पण आदल्या रात्री कॉम्प्युटर अपडेट झाला असेल, तर आधी ड्रायव्हर तपासावा.

ड्रायव्हर हा यंत्र आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, यांच्यातला दुभाषा. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटचा कर्नल ड्रायव्हर चालतच नाही आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती मुळात नाहीच. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवा कॉम्प्युटर आला, पण ड्रायव्हर ३२ बिटचाच असेल, तर धडधाकट स्कॅनरही निकामी. नावावर तर जाऊच नये: विंडोज ११ आतून स्वतःला अजून १०.० च म्हणवते. खरी ओळख पटते ती बिल्ड क्रमांकावरून.

लिनक्स याबाबतीत जास्त कडक. कर्नलबाहेरचा ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी तयार केला, त्याचा शिक्का त्याच्यावर असतो; तो जुळला नाही की कर्नल त्याला सहसा दारातूनच परत पाठवतं. कर्नलची आतली रचना मुद्दामच स्थिर ठेवलेली नाही. लिनक्स कर्नलचे एक प्रमुख विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्याचं समर्थन करणारं टिपण कर्नलच्या कोडसोबतच ठेवलं आहे. म्हणून ‘उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) २२.०४ आहे’ एवढं सांगून भागत नाही. त्याच नावाखाली एका मशीनवर ५.१५ कर्नल असतं, दुसऱ्यावर ६.८.

मग ही माहिती ठेवायची कुठे? आपल्या कॉलेजांत, कार्यालयांत डेड स्टॉक रजिस्टर असतं. यंत्राची किंमत, खरेदीची तारीख, अनुक्रमांक, सगळं त्यात सापडतं. यंत्र कशावर चालत होतं, तेवढं मात्र नाही. माझ्या मते त्यात एक रकाना वाढवावा: सिस्टीमची आवृत्ती व बिल्ड, ३२ की ६४ बिट, लिनक्स असेल तर पूर्ण कर्नल क्रमांक, ड्रायव्हरची आवृत्ती. ड्रायव्हरची फाइलही पेनड्राइव्हवर ठेवावी. कंपन्या जुन्या फाइली संकेतस्थळावरून काढून टाकतात. आणि हे सगळं यंत्र चालू असतानाच लिहावं. अपडेटनंतरही उबंटू आधीचं कर्नल लगेच पुसत नाही, सुरू होतानाच्या मेनूतून ते निवडता येतं. कोणतं निवडायचं, ते त्या रकान्यात पाहायचं.