भिंत कुणी पाडली?

मराठी माणसाच्या बोलण्यात भूकंप म्हटलं की 'किल्लारी' हे नाव येतंच. आपल्या पिढीने तो भूकंप पाहिलेला नाही, तेव्हा आपला जन्मही झाला नव्हता. पण हैदराबादेतल्या कितीतरी मराठी घरांची मुळं लातूर-धाराशिवकडची आहेत, आणि 1948पर्यंत तो सगळा भाग निजामाच्या राज्यातच होता. त्यामुळे किल्लारी आपल्याला परकी नाही.

तारीख 30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपतींचं विसर्जन झालं होतं आणि माणसं दमून घरात झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूर आणि आसपासची पन्नासच्या वर गावं उजाडेपर्यंत दगडमातीचे ढीग झाली होती. मृतांचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगितले जातात. जखमींची तर गणतीच अवघड. ढिगारे उपसायला सुरुवात झाली तोच पाऊस कोसळू लागला.

बाप्पाला निरोप देऊन झोपलेल्या माणसांवरच हे का यावं? असा प्रश्न मनात येणं साहजिक आहे. प्रत्येक मोठ्या भूकंपानंतर तो विचारला गेला आहे, आणि एकदा तर त्यावर या देशातल्या दोन मोठ्या माणसांमध्ये जाहीर वाद झाला. 15 जानेवारी 1934 रोजी बिहार आणि नेपाळमध्ये प्रचंड भूकंप झाला. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध देशभर फिरत होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची देवाने दिलेली शिक्षा आहे, असं ते म्हणाले. रवींद्रनाथ टागोर अस्पृश्यतेच्या विरोधात गांधीजींच्याच बाजूचे होते, तरीही त्यांनी याला जाहीर हरकत घेतली. निसर्गातल्या घटनेला पाप-पुण्याचा हिशेब लावला की लोकांचा अविचार आणखी बळावतो, असं त्यांचं म्हणणं. गांधीजींनी ते आपल्या 'हरिजन'मध्ये छापलं आणि स्वतःचं मतही सोडलं नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा वाद मुळातून वाचावा असा आहे.

मी कॅथलिक घरात वाढले. मला या ठिकाणी लूकच्या शुभवर्तमानातला शिलोहाचा बुरूज आठवतो. तो बुरूज कोसळून अठरा माणसं मेली. ती काय बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती, असं येशू विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. म्हणजे मेलेल्या माणसाच्या पापाचा शोध घेणं तिथेच संपतं. मग शोध कशाचा घ्यायचा? माझ्या मते, बुरुजाचा. भिंत का पडली याचा.

किल्लारीच्या बाबतीत हा शोध घेतला गेला, आणि जे सापडलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आधी आकडे बघू. बिहारचा भूकंप सुमारे 8 रिश्टरचा, किल्लारीचा 6.2चा. रिश्टरमध्ये एक अंक वाढला की ऊर्जा साधारण बत्तीस पटींनी वाढते. म्हणजे बिहारच्या भूकंपात किल्लारीपेक्षा शेकडो पटींनी जास्त ऊर्जा होती, आणि तो कितीतरी मोठ्या प्रदेशात झाला. तिथले मृत दहा हजारांच्या वर. किल्लारीच्या छोट्याशा टापूतला आकडा मात्र त्याच्या जवळपास जाऊन बसतो. असं का? एक कारण वेळेचं. बिहारला भूकंप झाला तेव्हा भर दुपार होती आणि पुष्कळ लोक घराबाहेर होते. किल्लारीत सगळे घरात झोपलेले. दुसरं कारण खोलीचं. किल्लारीच्या भूकंपाचं केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं, त्यामुळे वरच्या गावांना दणका थेट बसला. आणि तिसरं कारण घरांचं.

मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद. भिंत दोन-अडीच फूट जाड, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. दिसायला किल्ल्यासारखी. पण ती आतून एकसंध नसायची. बाहेरून एक थर, आतून एक थर, आणि मध्ये मातीत टाकलेले लहान-मोठे दगड. दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलेच नव्हते. कोपरेही एकमेकांत नीट गुंतवलेले नव्हते. वर माळवदाचं ओझं. ते गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती टाकायची, असं करत करत मातीचा थर फूट-दोन फूट जाड झालेला. जमीन हलली तशी भिंत मधूनच फाटली, दोन्ही थर सुटे झाले आणि दगड झोपलेल्या माणसांवर आले.

ज्या घरांत माळवद लाकडी खांब-तुळयांवर, म्हणजे खणांवर नीट पेललेलं होतं, तिथे पुष्कळदा भिंती ढासळल्या पण लाकडी सांगाडा उभा राहिला. म्हणजे वाचवू शकणारी विद्या गावातच होती, पण अर्धवट.

भूकंपानंतर लोकांना दगडाचीच धास्ती बसली. दगडाचं घर नको, सिमेंटचंच हवं, असं सगळे म्हणू लागले. ज्याच्या घरातली माणसं दगडाखाली गेली त्याला आपण काय समजावणार? पण दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. इंजिनिअरांनी पुढे जे उपाय सांगितले ते अगदी साधे आहेत: भिंतीत आरपार जाणारे जोड द्या, कोपरे बांधा, दारं-खिडक्यांच्या वरून घरभर काँक्रीटचा सलग पट्टा फिरवा, माळवदावरची जादा माती उतरवा. जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या पुनर्वसनात 52 गावं नव्या जागी वसवली गेली, आणि इतर गावांत जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती-मजबुती झाली. त्या कामात गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं. पैसे कसे मिळणार, पट्टा कुठे घालायचा, गवंड्याला काय विचारायचं, हे त्या घरोघरी समजावून सांगत.

नवी गावं मात्र सरळ रेषेत आखलेली, रुंद रस्त्यांची. जुन्या बोळांतला शेजार गेला, शेतं लांब पडली. जीव वाचवणारं घर आणि आपलंसं वाटणारं घर एकच असेल असं नाही, हेही किल्लारीने शिकवलं.

आता आपल्याबद्दल. भूकंपाआधीच्या नकाशात किल्लारी 'झोन 1'मध्ये, म्हणजे देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. 2002च्या नकाशात झोन 1 काढूनच टाकला आणि किल्लारीचा भाग झोन 3मध्ये गेला. त्याच नकाशात हैदराबाद झोन 2मध्ये आहे, म्हणजे आता तो सर्वांत कमी धोक्याचा पट्टा. कमी धोका म्हणजे धोका नाही असं नव्हे, हे वेगळं सांगायला नको. 2001च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता, खाली नुसते खांब आणि वर सगळा भार. अशा इमारती आपल्याही गल्लीत आहेत.

जमीन केव्हा हलेल हे अजून कुणालाच आधी सांगता येत नाही. पण भिंत कशी बांधायची हे माहीत आहे. घर घेताना आपण पाणी किती वेळ येतं, बसस्टॉप किती लांब आहे, वास्तू कशी आहे, सगळं विचारतो. त्यात एक प्रश्न वाढवू या: ही इमारत भूकंपाचा विचार करून बांधली आहे का, आणि तसा कागद दाखवता का? देव का कोपला, यापेक्षा या प्रश्नाचं उत्तर मिळणं सोपं आहे. आणि ते आधीच विचारता येतं.