यझदचा दुष्काळ, पुण्याची भट्टी

धुळे-साक्री रस्त्यावरच्या कुठल्याही गावात सकाळी सायकलला पत्र्याची पेटी बांधलेला टोस्ट-खारीवाला येतो. बायाबापड्या त्याच्याकडून जिरा बटर घेतात, पोरे चहात बुडवून खातात. हे बटर कुठून आले, असे विचारले तर कोणी म्हणेल धुळ्याच्या बेकरीतून, कोणी म्हणेल मालेगावहून. दोन्ही उत्तरे बरोबरच आहेत. पण त्या आधीची गोष्ट लांबची आहे. ती आपल्यासारख्याच कोरडवाहू मुलखातून निघालेल्या शेतकऱ्यांच्या पोरांची आहे. म्हणून ती शेतीच्या पानावर सांगायची.

इराणच्या मध्यभागी यझद नावाचा प्रांत आहे. वाळवंटाच्या काठावरचा. आपल्या धुळे जिल्ह्यात वर्षाला सरासरी 500 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी आपण आभाळाकडे डोळे लावून बसतो. यझदला वर्षाकाठी जेमतेम 50-60 मिलिमीटर पडतो. तिथली शेती चालायची ती 'कनात'वर. डोंगराच्या पायथ्याशी विहीर खणायची, पाणी लागले की जमिनीखालून उताराचा बोगदा काढत ते पाणी मैलोन्‌मैल गावापर्यंत आणायचे. मध्ये मध्ये हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी झरोके. ज्यांनी बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मोगलांच्या काळात फारशी जाणकाराने तीच विद्या तिथे आणली. पांझरेच्या फड पद्धतीत जशी पाण्याची पाळी ठरलेली, तशीच कनातच्या पाण्याचीही ठरलेली असे.

या मुलखात जरथुष्ट्री धर्माचे शेतकरी आणि माळी शेकडो वर्षे राहत होते. त्यांच्यावर जिझिया कर होता. कपड्यांवर, घोड्यावर बसण्यावर बंधने होती. मुंबईच्या पारशी मंडळींनी 1854 साली माणेकजी लिमजी हातरिया यांना आपला माणूस म्हणून इराणला पाठवले. त्यांनी अनेक वर्षे खटपट केली, तेव्हा 1882 मध्ये जिझिया उठला. मधल्या काळात, 1870 ते 1872 या वर्षांत, इराणात भयंकर दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून मेली. जी उरली त्यातल्या कित्येकांनी मुंबईची वाट धरली.

पारशी वेगळे, इराणी वेगळे

आपल्याकडे पारशी आणि इराणी एकच समजतात. धर्म एकच, पण येण्याच्या काळात हजारएक वर्षांचे अंतर. पारशी आधी गुजरातेत आले, संजाण-नवसारीला रुजले, गुजराती बोलू लागले. एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतर जे आले ते इराणी. त्यांच्या अंगावर खेड्याची माती होती. हातात पैसा नव्हता, इंग्रजी येत नव्हते. यझदकडून काही मुसलमान कुटुंबेही याच वाटेने आली आणि याच धंद्यात पडली.

सुरुवातीला बरेचजण पारशी घरांत नोकर म्हणून राहिले. मग कोणी चहा विकू लागला, कोणी नाक्यावर दुकान टाकले. नाक्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ म्हणून टाळायचे, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. दोन रस्त्यांकडून गिऱ्हाईक येते, हे मात्र इराण्याने ओळखले. चहाबरोबर पाव लागतो, पावाबरोबर मस्का लागतो. पाव दुसऱ्याकडून आणण्यापेक्षा आपलीच भट्टी का नको? असे करत चहावाल्याचा बेकरीवाला झाला. मुंबईत 1904 साली कयानी आणि कंपनी उभी राहिली, 1914 साली ग्रँट रोडला बी. मेरवान. फोर्टात यझदानी बेकरीही निघाली.

दोन भाऊ आणि एक बिस्कीट

पुण्याला गेलेला खान्देशी माणूस येताना हमखास एक खोका आणतो, श्रुसबरी बिस्किटांचा. लष्कर भागात ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी आहे. इराणातून आलेल्या होर्मझदियार आणि खोदायार इराणी या भावांनी ती 1955 साली सुरू केली. श्रुसबरी हे इंग्लंडातले एक गाव. तिथल्या नावाचे बिस्कीट, बनवणारे हात इराणी, खाणारे मराठी. आता ते पुण्याचेच म्हणून ओळखले जाते.

या बेकरीचे वैशिष्ट्य असे की मालकांनी गावोगाव शाखांचे जाळे विणले नाही. सकाळी रांग लागते, दुपारी दुकान बंद होते, पुन्हा उघडते. माल संपला की संपला. आपल्या बाजारातल्या माणसाला हा उफराटा व्यवहार वाटेल. पण यात एक गोष्ट आहे. भट्टीतून जेवढा चांगला माल निघतो तेवढाच विकायचा, हा नियम पाळला की गिऱ्हाईक आपल्या पायाने येते.

भट्टीचे गणित

बेकरीची भट्टी म्हणजे विटांची घुमटी. आत लाकूड पेटवायचे, विटा लाल तापल्या की निखारे बाजूला सारायचे आणि धगीवर माल भाजायचा. लांब दांड्याच्या फळीने पत्रे आत सारायचे, काढायचे. आधी पाव, मग धग उतरली की बिस्किटे, शेवटी टोस्ट वाळवायला. एका पेटवणीत दिवसाचा माल निघतो. आपल्याकडे वरण-बट्टीच्या बट्ट्या गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, तेव्हा आर कधी धरायचा हे घरच्या म्हातारीला बरोबर कळते. भट्टीवाल्याचे कसब त्याच जातीचे.

पिठाचे गणितही बघा. 100 किलो गव्हातून साधारण 70 किलो मैदा निघतो, बाकीचा रवा, आटा, कोंडा. किलोभर मैद्याचा पाव सव्वा किलोच्या वर भरतो, कारण पीठ पाणी धरून ठेवते. म्हणजे शेतकरी गहू विकतो, गिरणीवाला मैदा विकतो आणि बेकरीवाला पाणीसुद्धा विकतो. यात फसवणूक काही नाही, ती कसबाची कमाई आहे. पण तिन्हीत सर्वांत कमी कमाई कोणाची, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

पावाविषयी आपल्याकडे एक समज आहे की पीठ पायाने तुडवतात म्हणून 'पाव'. तो चुकीचा आहे. हा शब्द पोर्तुगीजांच्या 'पांव'वरून आला, गोव्यामार्गे. गोव्यात पीठ फुगवायला माडाची सूर वापरत. सोवळ्याओवळ्याच्या दिवसांत हाच मोठा अडथळा होता. ताडी-सूर घातलेला, परक्याच्या हातचा पाव लोक शिवत नसत.

सुरतेचे बटर

याच अडथळ्यातून आपले बटर निघाले. सुरतेत डचांची वखार होती. त्यांच्यासाठी पाव भाजणारी भट्टी, डच गेल्यावर, दोटीवाला नावाच्या पारशी कामगाराकडे आली, अशी कथा सांगतात. गोरे गिऱ्हाईक उरले नाही, पाव पडून वाळू लागला. टाकून देण्यापेक्षा तो स्वस्तात विकला, तर लोकांना वाळलेलाच आवडला. मग मुद्दाम वाळवून विकू लागले. ताडीही गेली, अंडेही गेले, आणि लोकांना चालेल अशी नानखटाई आली. गिऱ्हाईक बदलले तसा माल बदलला. सुरत-भुसावळ रेल्वेने नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर सुरतेला जोडले, आणि माणसांबरोबर खाण्याच्या सवयीही या वाटेने आल्या-गेल्या.

आता आपल्या दाराशी

ही गोष्ट आज सांगायचे कारण दुसरेच. 'पोऱ्या सुरतले गया' हे वाक्य आपल्या गावात रोजचे झाले आहे. शिंदखेडा, साक्री, शिरपूर, पारोळा, अमळनेर, सगळीकडून तरुण सुरतेला जातात. उधना-लिंबायत भागात खान्देशी वस्ती मोठी आहे. बहुतेकांच्या नशिबी यंत्रमाग नाहीतर साड्यांच्या गाठी. जाण्यात कमीपणा नाही. यझदचा शेतकरीही असाच निघाला होता. फरक पुढे पडला. तो पगारासाठी गेला, पण पगारावर थांबला नाही.

त्याने तीन गोष्टी केल्या. पहिली, आधी दुसऱ्याच्या भट्टीवर, दुसऱ्याच्या गल्ल्यावर काम करून धंदा हाताखाली घातला. दुसरी, एकट्याकडे भांडवल नव्हते तेव्हा नातेवाईक, गाववाले मिळून भागीदारी केली. तिसरी, मालाची चव रोज तीच ठेवली. आपल्याकडे पहिलीत आपण कमी नाही. दुसरीत अडतो, कारण भाऊबंदकी आडवी येते. तिसरीत घाई नडते.

त्यांचेही सगळे सुखाचे नाही. मुंबईतली कित्येक इराणी दुकाने बंद झाली, पुढच्या पिढीची पोरे शिकून परदेशी गेली. आज अनेक बेकऱ्यांच्या भट्टीसमोर उत्तर प्रदेशातले कामगार उभे असतात. 2015 साली केंद्राने लघुउद्योगांसाठी राखीव असलेले शेवटचे 20 जिन्नस खुले केले, त्यात पावही होता. मोठ्या कंपन्यांशी टक्कर आणखी कठीण झाली. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावरून लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर नेण्यास सांगितले. धूर गेला पाहिजे हे खरे, पण जुन्या भट्टीवाल्याच्या अंगावर नव्या भट्टीचा खर्च आला. जिल्ह्याच्या ठिकाणीही उद्या हेच होणार. म्हणून नव्याने बेकरी काढणाऱ्याने लाकडाची भट्टी बांधण्याआधी गॅस आणि विजेचा हिशेब करावा.

केंद्राने 2020 साली सुरू केलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत बेकरीसारख्या छोट्या प्रकल्पाला खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये, कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवले होते. अशा योजनांच्या मुदती बदलत राहतात. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करून घ्यावी. पण अनुदान पाहून भट्टी बांधू नये. आधी वर्षभर कुणाच्या तरी बेकरीत पीठ मळावे, पत्रे उचलावेत, पहाटे तीनला उठून पाहावे. अंगी लागले तरच पुढे जावे. पत्र्याची पेटी घेऊन येणारा सायकलवाला किती गावे फिरतो, दिवसाला किती माल खपवतो, हे आधी त्यालाच विचारावे. आपल्या भागातल्या गिऱ्हाइकाचा खरा हिशेब त्याच्याइतका कोणालाच ठाऊक नाही.