अर्ध्या किमतीची बॅटरी

मुलांनो, आज एक गणित घालते. सोडवा बरं!

संध्याकाळी सात वाजता एका होडीनं जाळं टाकलं आणि इंजिन बंद केलं. होडीवरचे दिवे, जीपीएस आणि मासे शोधणारं यंत्र मिळून बॅटरीतून ४ अँपिअर प्रवाह घेतात. बॅटरीत ३० अँपिअर-अवर वीज आहे. तर दिवे किती वाजता विझतील?

३० भागिले ४, म्हणजे साडेसात तास. रात्री अडीच वाजता! उजाडायला कितीतरी अवकाश. भर समुद्रात काळोख, इंजिनाचा स्टार्टर फिरत नाही आणि मोठ्या जहाजाला आपली होडी दिसत नाही.

हे गणित आमच्या चिंचणीच्या किनाऱ्यावरचं आहे. शेजारच्या तारापूरला १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. पण त्याची तार काही होडीपर्यंत जात नाही. तिथं आपली बॅटरीच!

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या बाबांना होडीसाठी बॅटरी हवी होती. नवी महाग, म्हणून ते जुनी बघायला गेले. एकानं १०० अँपिअर-अवरची बॅटरी अर्ध्या किमतीत देऊ केली. मीटर लावला, तर १२.६ व्होल्ट! “बघा, नव्यासारखी!” विकणारा म्हणाला.

पण बाबा हुशार. “एक दिवस तपासायला द्या,” म्हणाले. व्होल्ट म्हणजे विहिरीतल्या पाण्याची पातळी. विहीर गाळानं भरली असली तरी पातळी वरच दिसते, पण चार बादल्या उपसल्या की तळ लागतो! जुन्या बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्यांवर असाच कठीण थर चढतो. मग चार्ज केल्यावर व्होल्ट ठीक दिसतात, पण साठा थोडा असतो.

बाबांनी पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीला ६० वॅटचा दिवा जोडला. ६० भागिले १२, म्हणजे ५ अँपिअर. नवी बॅटरी असती, तर १०.५ व्होल्टपर्यंत उतरायला २० तास लागले असते. ही सहा तासांतच उतरली! ५ गुणिले ६, म्हणजे ३०. किंमत अर्धी, पण ताकद तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. सांगा, स्वस्त कोण पडलं?

मग जुनी बॅटरी घ्यायचीच नाही का? तसं नाही हं. त्यांनी दुसरी एक तपासली. तिची पेटी फुगलेली नव्हती, तयार झाल्याची तारीख फार जुनी नव्हती. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. हायड्रोमीटरनं सहाही सेलमधल्या ॲसिडची घनता पाहिली. सगळीकडे जवळजवळ सारखी, १.२६ च्या आसपास. एक सेल जरी मागे पडला, तरी सगळी बॅटरी लंगडी होते. हिच्यावर दिवा १६ तास चालला. म्हणजे ८० अँपिअर-अवर. रात्रीच्या दहा तासांना लागणार ४०, बरोबर निम्मे. ही बॅटरी घेतली! रोज तळापर्यंत उपसली तर बॅटरी लवकर मरते, म्हणून निम्मी राखून ठेवायची. शिवाय इंजिन सुरू करायची बॅटरी त्यांनी वेगळीच ठेवली आहे. दिवे विझले तरी घरी परतता आलं पाहिजे ना!

आता कान देऊन ऐका. ही तपासणी मोठ्यांनीच करायची. आतलं ॲसिड कातडी आणि डोळे जाळतं. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. ठिणगी पडली की भडका! आणि जाळ्याला लावायच्या वजनांसाठी कुणी मेलेली बॅटरी फोडून घरी शिसं वितळवत असेल, तर त्यांना थांबवा. त्याची धूळ आणि धूर पोटात गेला, तर लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा होते. २०२२ च्या सरकारी नियमांप्रमाणं जुनी बॅटरी परत घेऊन तिची योग्य विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून ती दुकानातच परत द्या.

तर, घरी कुणी जुनी बॅटरी आणायला निघालं, तर एवढंच विचारा, “दिवा किती तास चालला?”