फॉर्ममधला एक रकाना

२० जानेवारी २०२० रोजी तंजावूरच्या हवाई तळावर सुखोई-३० विमानांची २२२ क्रमांकाची ‘टायगरशार्क’ तुकडी दाखल झाली. दक्षिणेतली सुखोईची ही पहिलीच तुकडी. अशा ठिकाणी नोकरी लागायची, तर आधी पोलीस पडताळणी होते. कॉलेजात कधी गांजा ओढलेल्या मुलाच्या घरी मग एकच धास्ती असते: ते आता बाहेर येईल का?

ही धास्ती १९८५पासूनची. त्या वर्षी १४ नोव्हेंबरला अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला आणि नुसतं गांजा ओढणंही गुन्हा ठरलं. आज त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. भांगेची पानं मात्र केंद्रीय कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली. १९८९मध्ये कलम ६४-अ आलं. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यातून त्याने सूट दिली, आणि २००१मध्ये थोड्या प्रमाणात पदार्थ सापडल्याचे गुन्हेही तिच्यात आले. या कायद्यातलं सर्वांत माणुसकीचं कलम मला हेच वाटतं, आणि नेमकं तेच घरोघरी पोहोचलेलं नाही.

सरकारी नोकरीच्या नेहमीच्या साक्षांकन फॉर्ममध्ये ‘कधी नशा केली का’ असा रकाना नसतो. अटक, खटला, दंड, शिक्षा यांची विचारणा असते. अमेरिकेत उलट आहे. तिथली सुरक्षा-मंजुरीची प्रश्नावली थेट गेल्या सात वर्षांतल्या सेवनाबद्दल विचारते. तरी २०२१मध्ये तिथल्या गुप्तचर प्रमुखांनी स्पष्ट केलं, की पूर्वीचं गांजासेवन विचारात घेतलं जाईल, पण तेवढ्यावरून निर्णय होणार नाही.

आपल्याकडे खरी पडझड झाली ती लपवाछपवीने. केंद्रीय विद्यालयाच्या एका शिक्षकाने खटल्याची माहिती दडवली होती. खटला पुढे मागे घेतला गेला, तरी २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची सेवासमाप्ती कायम ठेवली. २०११मध्ये दिल्ली पोलिसांतल्या एका उमेदवाराच्या बाबतीत सूर मवाळ झाला: विशीतल्या चुकीचा डाग जन्मभर लावू नये. अखेर २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी घडी बसवली. माहिती खरीच द्यावी. किरकोळ गुन्हा दडवला असेल तर नेमणूक करणाऱ्याला तो माफ करता येईल. पण सगळं खरं सांगितलं तरी पूर्वचारित्र्य तपासून नेमायचं की नाही, हा अधिकार त्याचाच. संरक्षणाच्या जागी हा अधिकार काटेकोरपणे वापरला जाणार, हे उघड आहे, आणि ते मला योग्यच वाटतं. एका विमानाभोवती कितीतरी जिवांची जबाबदारी असते.

मला राग येतो तो मुलांना हे कुणी आधी न सांगण्याचा. गुन्हा नोंदलाच नसेल, तर अटक-खटल्याच्या रकान्यात लिहिण्यासारखं काही नसतं. नोंदला असेल, तर तो मिटला असला तरी लिहावा. आणि उपचार अर्धवट सोडला तर ६४-अची सूट काढून घेता येते, म्हणून तो पूर्ण झाल्याचा उपचार केंद्राचा कागद जपून ठेवावा. सरस्वती महाल ग्रंथालयातली मोडी दफ्तरं आजवर सांभाळणाऱ्या तंजावूरला कागदाची किंमत ठाऊक आहे.