पुलावर पाणी, मेल रांगेत

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गडचिरोली हा नवा जिल्हा नकाशावर आला. त्याच ऑगस्ट महिन्यात तिकडे अमेरिकेत जॉन पोस्टेल नावाच्या संगणकतज्ज्ञाने ‘आरएफसी ८२१’ या नावाचा एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. एका यंत्राकडचं पत्र दुसऱ्याकडे सुखरूप पोचावं म्हणून दोघांनी एकमेकांशी काय बोलायचं आणि कोणत्या क्रमाने, हे त्यात ठरवून दिलं होतं. या बोलीला एसएमटीपी म्हणतात. आजही जगातला मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जातो तो मुख्यतः तिच्याच जोरावर. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण गडचिरोलीसाठी मुद्दाम टपालाची व्यवस्था आखायला कुणी बसलं असतं, तरी याहून फार वेगळं काही आखलं नसतं, असं माझं मत आहे.

भामरागडचंच बघा. तिथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की पुलावर पाणी चढायचं आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटायचा, हे तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षं भोगलंय. लाईन जाते, पाठोपाठ रेंज जाते. रेंज आली तरी ती येते आणि जाते. अशा वेळी ब्राउझर उघडून मेल लिहायला बसलात तर पान उघडता उघडताच दम संपतो. पत्राचा पहिला शब्द लिहायची वेळच येत नाही.

लिनक्सच्या काळ्या पडद्यावर उलटा कारभार आहे. ‘मेल’ ही आज्ञा टाइप करायची, मग छोटी आडवी रेघ आणि तिला चिकटून एस, पुढे अवतरणचिन्हांत विषय, शेवटी पत्ता, आणि एंटर. खाली मजकूर लिहायचा: ‘आज पाऊस ११२ मिमी. पूल बंद. औषधं आठवडाभर पुरतील.’ कंट्रोल आणि डी एकदम दाबलं की पत्र संपलं. एका ओळीतही काम भागतं: ‘एको’ या आज्ञेपुढे मजकूर, मग उभी रेघ, मग ‘मेल’ची आज्ञा. उभ्या रेघेचा अर्थ असा, की डावीकडच्या आज्ञेने जे बाहेर टाकलं ते उजवीकडचीने आत घ्यावं. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे ही सोय १९७३ साली युनिक्समध्ये आली. डावीकडे ‘एको’ऐवजी काहीही येऊ शकतं: डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी आज्ञा, पर्जन्यमापकाचा आकडा वाचणारा चार ओळींचा प्रोग्राम, काहीही.

एंटर दाबल्याबरोबर पडदा पुन्हा मोकळा होतो, जणू पत्र गेलंसुद्धा. खरं तर ते कुठेच गेलेलं नसतं. आपल्याच यंत्राच्या डिस्कवर, एका फोल्डरमध्ये, ते फाइल होऊन बसलेलं असतं. ही रांग. रांगेचा कारभार बघणारा प्रोग्राम वेगळाच असतो आणि आपण झोपलो तरी तो जागा असतो. त्यासाठी बऱ्याच लिनक्सवाल्यांची पसंती पोस्टफिक्सला आहे. पत्ता गाठता आला नाही की पोस्टफिक्स पत्र बाजूला ठेवतो आणि साधारण पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो. तोही फसला तर थोडं जास्त थांबतो, मग आणखी जास्त. दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढत वाढत ४,००० सेकंदांवर, म्हणजे तासाभराच्या थोडं पुढे, येऊन थांबतं. असं किती वेळ? मुद्दाम काही बदललं नसेल तर पाच दिवस. हा आकडा पोस्टफिक्सच्या मनाचा नाही. पत्र परत करण्याआधी निदान चार-पाच दिवस तरी प्रयत्न करावा, असं एसएमटीपीचा नियमच सांगतो. पुराचं पाणी ओसरायला जेवढे दिवस लागतात, जवळपास तेवढेच!

रेंज आली, समोरचा सर्व्हर सापडला, की खरी गंमत सुरू होते. दोन यंत्रं चक्क बोलायला लागतात, आणि ते बोलणं माणसाला वाचता येतं. समोरचं यंत्र आधी ‘२२०’ म्हणतं, म्हणजे मी तयार आहे. आपलं यंत्र ‘ईएचएलओ’ म्हणून आपलं नाव सांगतं. हा ‘हॅलो’च, विस्तारित रूपातला. उत्तर येतं, ‘२५०’, ठीक. ‘मेल फ्रॉम’ म्हणून पाठवणाऱ्याचा पत्ता. २५०. ‘आरसीपीटी टू’ म्हणून घेणाऱ्याचा पत्ता. पुन्हा २५०. मग आपलं यंत्र म्हणतं ‘डेटा’, आणि समोरचं म्हणतं ‘३५४’: सांग, लिहून घेतो. सगळा मजकूर जातो. शेवटी एका ओळीवर फक्त एक टिंब. टिंब म्हणजे पत्र संपलं.

पत्रातच कुणी एका ओळीवर नुसतं टिंब दिलं असेल तर? पोस्टेल यांनी तोही विचार करून ठेवला होता. टिंबाने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीपुढे पाठवणारं यंत्र एक जादा टिंब लावतं आणि घेणारं ते गुपचूप काढून टाकतं.

शेवटच्या टिंबानंतर जो ‘२५०’ येतो, तो मला या सगळ्या व्यवहारात सर्वांत थोर वाटतो. रजिस्टर पत्राची पोच हातात पडावी तसा तो आकडा आहे. त्या क्षणापासून पत्राची जबाबदारी समोरच्या यंत्राची. त्याने ते पुढे पोचवायचं, नाहीतर जमलं नाही असं पाठवणाऱ्याला कळवायचं. मधेच यंत्र बंद पडलं, असल्या फुटकळ कारणाने पत्र हरवता कामा नये, असं नियमातच लिहून ठेवलंय. आणि तो ‘२५०’ कानावर येईपर्यंत आपलं यंत्र स्वतःकडची प्रत पुसत नाही. समजा, समोरच्याने पत्र घेतलं, ‘२५०’ म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात रेंज गेली. मग आपलं यंत्र तेच पत्र पुन्हा पाठवेल आणि घेणाऱ्याला दोन प्रती मिळतील. आखणाऱ्यांनी हे जाणूनबुजून पत्करलं: एकही प्रत न पोचण्यापेक्षा दोन पोचलेल्या बऱ्या.

नकाराचेही दोन प्रकार आहेत. चाराने सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता नाही, नंतर ये. पाचाने सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार: असा माणूस इथे राहत नाही. पहिल्यात पत्र रांगेत राहतं, दुसऱ्यात तडक परत येतं. सरकारी कचेऱ्यांना एवढा भेद जरी जमला तरी भामरागडहून गडचिरोलीच्या पुष्कळ खेपा वाचतील.

हा धीर कुठून आला? ज्या काळात हे सगळं घडलं, त्या काळात चोवीस तास जोडलेली लाईन हीच चैन होती. आपल्याकडेही मेल आला तो असाच. १९८६-८७ मध्ये मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत श्रीनिवासन रमाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्नेट या शैक्षणिक जाळ्याचं काम हाती घेतलं. सुरुवातीला त्यावर मेल ही एकच सेवा होती, तीही यूयूसीपी पद्धतीची. एका यंत्राने दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेली पत्रं द्यायची, त्याच्याकडची घ्यायची, आणि फोन ठेवायचा. पत्त्यात मधल्या यंत्रांची नावं क्रमाने, मध्ये उद्गारचिन्हं घालून लिहावी लागत. म्हणजे पत्र कोणत्या गावावरून जाणार ते पाठवणाऱ्यालाच ठाऊक हवं! जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली-मुंबई दरम्यान कायमची लाईन आली, तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. आज हे हास्यास्पद वाटेल, पण हिशेब करून पाहा. त्या लाईनवरून दोन केबीचं साधं पत्र दोन सेकंदांच्या आत जातं. दोन एमबीच्या एका फोटोला अठ्ठावीस मिनिटं लागतात. जंगलातल्या गावात टेकडीवर चढून मिळणारी दीड काडी रेंज फोटोला पुरत नाही, पत्राला मात्र मजेत पुरते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केल्यावर विद्यार्थ्यांना जी शेल खाती मिळत, त्यांतही चित्र नव्हतंच. काळा पडदा, ‘पाइन’ हा मेलचा प्रोग्राम आणि अक्षरं. आज पन्नाशीला टेकलेल्या काही वाचकांना तो पडदा आठवेल.

या अक्षरांपाशी मात्र एक अडचण होती. १९८२च्या नियमात फक्त इंग्रजी लिपीला जागा होती. देवनागरीचा एक काना पाठवायचीसुद्धा सोय नव्हती. १९९२ साल दोन उपाय घेऊन आलं. नॅथनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम ही पद्धत दिली: कोणताही मजकूर इंग्रजी अक्षरांच्या वेषात पाठवायचा आणि पलीकडे वेष उतरवायचा. त्याच वर्षी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ रचलं, ज्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बरोबर तीन बाइट घेतं. माइमच्या बेस-६४ वेषात तीन बाइटांची चार अक्षरं होतात. म्हणजे आपलं एक चिन्ह, चार इंग्रजी अक्षरं, हिशेब चोख. ‘पूर’ हा शब्द घ्या. प, दीर्घ उकार आणि र, अशी तीन चिन्हं. तारेवरून जाताना तो होतो: चार-के-एस-क्यू, चार-के-डब्ल्यू-सी, चार-के-एस-डब्ल्यू. प्रत्येक तुकडा ‘चार-के’नेच सुरू होतो आणि तिसरी जागा एस किंवा डब्ल्यूचीच, मग तुम्ही ‘पूर’ लिहा नाहीतर ‘नदी’. मध्ये एक मोकळी जागा सोडली की ही लय सरकते, कारण ती जागा एकाच बाइटाची. मराठी पत्राचा असा कच्चा मजकूर पाहत राहिलं की ‘चार-के’ची रांगोळीच दिसायला लागते.

गडचिरोलीत मराठीइतकीच गोंडी आणि माडियाही कानावर पडते. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी तयार केली. ती मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत आली. तिचं प्रत्येक चिन्ह चार बाइटांचं. त्यामुळे तीन-चारचा चोख हिशेब तिथे जुळत नाही आणि रांगोळीची नक्षी बदलते. पण पत्र पोचतं, टिंब लागतं, ‘२५०’ येतो. पोस्टेल यांच्या बोलीला लिपीशी देणंघेणं नाही.

खोट एकच, पण मोठी. या बोलीत ‘मेल फ्रॉम’ म्हणून कुणी कुणाचंही नाव सांगावं आणि समोरच्याने ऐकून घ्यावं. १९८२ साली जाळ्यावर ओळखीचीच माणसं होती, तेव्हा चाललं. पुढे त्याच भोळेपणावर फसव्या मेलांचं रान माजलं. म्हणून आता एसपीएफ, डीकेआयएम, डीएमएआरसी असे पहारे बसलेत आणि घरच्या जोडणीवरून पंचवीस क्रमांकाचं दार बहुधा बंदच असतं. घरच्या यंत्राने मोठ्या मेलसेवेच्या सर्व्हरला ५८७ क्रमांकाच्या दाराने, पासवर्ड देऊन गाठायचं, हा आजचा रिवाज. मला तो पटतो. आणखी एक: वाघ गावात शिरल्याची वर्दी द्यायला मेल वापरू नये. त्याला फोनच हवा. रोजचा पाऊस, दवाखान्यातला औषधांचा साठा, ग्रामसभेचा ठराव, अशा एखादा दिवस उशिरा पोचला तरी चालेल पण हरवता कामा नये अशा मजकुरासाठी मेलसारखं दुसरं काही नाही.

लिनक्स हाताशी असेल तर रेंज असताना पोस्टफिक्स आणि मेलयूटिल्स ही दोन पॅकेजं उतरवून घ्या. पोस्टफिक्स विचारेल तेव्हा ‘इंटरनेट साइट’ निवडा आणि मग जाळं चक्क बंद करा. आधी ‘अॅट’चं चिन्ह न लावता आपल्याच यूझरच्या नावाने मेल पाठवा. तो त्याच यंत्रावर लगेच येईल, कारण १९७१च्या पहिल्या युनिक्सपासून मेलचं मूळ काम तेच आहे. मग बाहेरच्या पत्त्यावर एक पाठवा आणि ‘मेलक्यू’ टाइप करा. पत्र रांगेत उभं दिसेल, शेजारी ते का अडलं त्याचं कारणही. पाहून झालं की ‘पोस्टसुपर’ने ते काढून टाका, नाहीतर पाच दिवसांनी तुमच्याच नावाने परत येईल.