मोरचूद, खारं पाणी आणि पांढरे ठिपके

बंगळूरला समुद्र नाही, पण घरात समुद्री मासे पाळणारे हौशी लोक इथे पुष्कळ आहेत. चेन्नई घ्या नाहीतर मंगळूर, दोन्ही सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर लांब. त्यामुळे आमचा समुद्र पिशवीतून येतो. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मत्स्यालयाचं मीठ घालायचं आणि पंप लावून रात्रभर ढवळत ठेवायचं. कावेरीचं पाणी थेट चालत नाही, त्यात क्लोरीन असतं; बोअरचं तर जडच. हवा मात्र माशांना मानवते. मुंबईत टाकीला चिलर लागतो, इथे वर्षातले बरेच महिने त्याच्यावाचून भागतं.

परवा बेळगावकडच्या एका मुलाचा फोन आला. आयटीत आहे, नवी टाकी लावलीय.

"काकू, माझा ब्ल्यू टँग कालपासून दगडाला अंग घासायलाय बघा. अंगावर रवा सांडल्यागत दिसतंय. दुकानदार म्हणतोय कॉपर घाला. किती थेंब घालू?"

"थेंबांचं नंतर बघू. तांबं मोजायचं किट आहे का?"

किट नव्हतं. बहुतेकांकडे नसतं. या उपचारात लोक बाटलीवर पैसे घालतात आणि मोजण्यावर वाचवतात. माझ्या मते नेमकं उलट करायला हवं.

तो रवा म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी. १९५१ साली ब्राउन या संशोधिकेने त्याला हे नाव दिलं. जपानमध्ये त्याची नोंद त्याआधीच, १९३०च्या दशकात झाली होती. तो माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत शिरून तीन ते सात दिवस खातो, फुगतो, मग गळून तळाशी जातो आणि कवच करून बसतो. त्या कवचात एकाचे शेकडो होतात. ती पिल्लं बाहेर पडली की त्यांना एखाद-दोन दिवसांत मासा गाठावाच लागतो, नाहीतर ती मरतात.

तांब्याचा वार बसतो तो फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. कातडीखालचा परजीवी सुरक्षित असतो, कवचातलाही. म्हणजे औषध माशाला नसतंच, पाण्याला असतं. तळाशी बसलेलं शेवटचं कवच फुटेपर्यंत पाण्यात तांब्याची ठरावीक मात्रा अखंड टिकवायची, एवढंच काम. ठिपके तर आठवड्याभरात आपोआपच जातात. मासा बरा झाला म्हणून लोक थांबतात आणि पुढची धाड पहिलीपेक्षा मोठी येते. म्हणून महिनाभर तांबं चालू ठेवण्याचा प्रघात आहे. आमच्या डिसेंबरात हीटर नसेल तर परजीवीचं चक्र आणखी लांबतं, ते वेगळंच.

साध्या आयनिक तांब्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. त्याखाली परजीवी जगतो, फार वर गेलं की मासा जातो. एवढ्याशा पट्ट्यात राहायचं, आणि तेही अशा पाण्यात, ज्याला तांबं टिकू द्यायचं नसतं. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर. तिथे तांबं कार्बोनेटशी जुळून साका होऊन बसतं. वाळू आणि खडक ते शोषून घेतात. सकाळी घातलेलं संध्याकाळी असेलच असं नाही.

मी पिंपळगाव बसवंतकडची. आमच्या घरात मोरचूद द्राक्षाच्या डावणी रोगासाठी यायचं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी: हे बोर्डो मिश्रण. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट; त्यात जेमतेम पाव हिस्सा तांबं. निळं पाणी फवारायच्या आधी आजोबा त्यात घासलेला विळा बुडवायचे. पात्यावर तांबूस थर आला तर म्हणायचे, "अजून चुना घाला, पानं जळतील." विळा स्वच्छ निघाला की पंप पाठीवर. त्या लोखंडावर मोकळं तांबं चढायचं. तो विळा म्हणजे त्यांचं टेस्ट किटच होतं.

फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८०च्या दशकात हे मिश्रण पुढे आणलं. आमच्या या बंगळूरशीही त्याचा संबंध आहे. म्हैसूर संस्थानात १९०८ साली आलेले कॅनेडियन शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी मलनाडच्या सुपारीवरच्या कोळेरोगासाठी हाच उपाय रुजवला. माशांच्या बाबतीत १९५५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातल्या डेम्प्स्टर यांनी मखमली रोगावर कॉपर सल्फेटचा उपाय प्रसिद्ध केला. तो रोग ठिपक्यांपेक्षा बारीक, सोनेरी धुळीसारखा, आणि मासा दोन-चार दिवसांत नेणारा.

द्राक्षावर चुना जे करतो, तेच काम हल्लीच्या बाटल्यांतला दुसरा रेणू करतो: तांब्याला धरून ठेवायचं आणि बेताबेताने वापरू द्यायचं. अशा बांधलेल्या तांब्याची मात्रा काही बाटल्यांत लिटरला दोन-अडीच मिलिग्रॅम असते, काहींत अर्धा. एका बाटलीचा आकडा दुसरीला लावला की घात झालाच. शिवाय अमोनिया मारणारी काही द्रावणं सोबत घातली, तर काही बाटल्यांतलं तांबं जास्त विषारी रूपात जातं. बाटलीवरचा बारीक मजकूर वाचायचा.

शेतीचं मोरचूद वापरू का, असंही मुलानं विचारलं. उपचारासाठीच्या चाळीस लिटरच्या टबाला जेमतेम ३१ मिलिग्रॅम लागेल. एवढं स्वयंपाकघरातल्या काट्यावर दिसतसुद्धा नाही, आणि शेतीच्या मालात आणखी काय असेल कोण सांगणार?

टब वेगळाच हवा. वाळू नाही, खडक नाही. स्पंज फिल्टर, हीटर आणि माशाला लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. मुख्य टाकीत तांबं घालायचंच नाही. कोळंबी, शंख, प्रवाळ त्यात मरतात. गंमत अशी की कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहतं ते तांबंच, तरी पाण्यातलं जरा वाढलेलं तांबं तिला मारतं. दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, घरी ठेवताच येत नाहीत. तरी कोणाच्या टाकीत काय असतं, ते बोलत नाही.

टँग तांब्याला हळवा, म्हणून मात्रा दोन-तीन दिवसांत पायऱ्यापायऱ्यांनी वर न्यायची. तो खायचा थांबला तर वाढवणं थांबवायचं. रोज अमोनिया बघायचा, पाणी बदलायचं, आणि नवं पाणी तेवढ्याच तांब्याचं करून मगच ओतायचं. नाहीतर मात्रा खाली येते आणि पिल्लांना वाट मिळते. इकडे मुख्य टाकी अडीच महिने माशांविना ठेवायची. हे ऐकून फोनवर बराच वेळ काही आवाज नाही.

"टाकी रिकामी बघून बायको काय म्हणेल काकू?"

"शंख आहेत ना, ते बघायला सांग."

संध्याकाळी तो तांबं मोजायचा माझा कलरीमीटर न्यायला आला तेव्हा मी आणखी एक गोष्ट सांगितली. ते पाणी टाकून देताना राजकालुव्यात जाणाऱ्या गटारात ओतू नकोस, तो ओढा तळ्यात जातो. कार्बन घालून तांबं काढून घे, मग बाथरूमच्या नळीत सोड. आणि बादलीवर कानडीत मोठ्या अक्षरांत लिही, कारण कामाला येणाऱ्या अक्कांना ते पाणी कुंडीत घालायची सवय असते.